मेंदूचा मुका मार

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या डॉक्टर मेंदूच्या दुखापतीनंतर स्मरणशक्ती, लक्ष आणि स्वभाव यांच्या तपासण्या करतात आणि अशा दाव्यांत तज्ज्ञ म्हणून साक्षही देतात.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. दीड वर्षापूर्वी माझ्या मिस्टरांच्या दुचाकीला मागून गाडीने उडवलं. हेल्मेट होतं. काही मिनिटं शुद्ध हरपली होती म्हणे. सीटी स्कॅन नॉर्मल आला, खांद्याचं हाड जोडलं आणि चार दिवसांत घरी सोडलं. आता खांदा बरा आहे आणि बघणाऱ्याला हे अगदी पूर्वीसारखेच दिसतात. पण घरात माणूस बदललाय. हे हिशेबाचं काम करायचे. तोंडी बेरजा अजून पटापट करतात, पण महिनाअखेरचा ताळेबंद काही लागत नाही. दोघं जण एकाच वेळी बोलायला लागली की उठून आत जातात. काही करपलं तरी वास येत नाही. दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. मुलीवर इतके ओरडतात की तिला काही विचारायचं असलं तर ती माझ्यामार्फत विचारते. कंपनीने आधी हलकं काम दिलं, मग राजीनामा घेतला. भरपाईच्या दाव्यात समोरचे वकील म्हणतात, स्कॅन नॉर्मल, डिस्चार्ज कार्डावर ‘शुद्धीवर, बोलणं सुसंगत’ लिहिलंय, शिवाय वडील गेले तेव्हा यांनी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या, तेव्हा हा जुनाच आजार. आमचे वकीलही म्हणतात, खांद्याचे पैसे घ्या, मेंदूचं विसरा. सासूबाईंना वाटतं मीच बाऊ करतेय. आणि यांना विचारलं तर, ‘मला काही झालेलं नाही.’ कोर्टात हेच बोलले तर?

उत्तर : ताई, मेंदूचं विसरायचं नाही. तुमच्या वकिलांना मात्र मी एवढ्यात नावं ठेवणार नाही. त्यांच्या फायलीतले सगळे कागद खांद्याचे आहेत, कारण चार दिवस सगळ्यांनी खांदाच पाहिला. मेंदूबद्दल बोलणारा एकही कागद नसेल तर वकील तरी कशाच्या जोरावर उभा राहणार?

आधी त्या नॉर्मल स्कॅनचं बघू. अपघातानंतर पहिल्या काही तासांत सीटी काढतात तो आत रक्तस्राव आहे का, कवटी फुटलीय का, लगेच ऑपरेशन लागेल का, एवढंच ठरवायला. उत्तर ‘नाही’ आलं की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि त्या क्षणी तो बरोबरच असतो. ताळेबंद लागेल का, हा प्रश्न त्या स्कॅनला कुणी विचारलेलाच नसतो. धडकेत डोकं झटक्याने फिरतं तेव्हा मेंदूच्या पांढऱ्या भागातले चेतातंतू ताणले जातात, काही तुटतात. त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची. सीटीत ते दिसणार कुठून? १९५६ मध्ये सबिना स्ट्रिच यांनी डोक्याच्या जबर दुखापतीतून न सावरलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कवटी शाबूत, मोठा रक्तस्राव नाही, आणि तरीही तंतूंची जागोजागी वाताहत झालेली होती. तुमच्या यजमानांची दुखापत तेवढी जबर नक्कीच नाही. पण ‘स्कॅनमध्ये नाही म्हणजे मेंदूत नाही’ हा युक्तिवाद तेव्हापासूनच लंगडा आहे. एमआरआयच्या काही खास पद्धतींत सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा सापडू शकतात. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना तसा एमआरआय करण्यात अर्थ आहे का, हे जरूर विचारा. मात्र तोही नॉर्मल आला तर धीर सोडू नका.

डिस्चार्ज कार्डावरच्या त्या तीन शब्दांनी मी किती फायली आडव्या झालेल्या पाहिल्यात! डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजायची ग्लासगो मोजपट्टी टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये आणली. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५ गुण. १३ ते १५ मिळाले की दुखापत ‘सौम्य’. हा शिक्का पहिल्या तासांतल्या शुद्धीचा असतो, पुढच्या आयुष्याचा नव्हे. नाव, गाव, वार बरोबर सांगणारा माणूस त्याच दुपारी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारत असतो, आणि ते डिस्चार्ज कार्डावर कधीच येत नाही. ते असतं नर्सच्या नोंदींत. म्हणून आधी रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून पूर्ण केसपेपर मागा, नुसतं कार्ड नको. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावी लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. तुमच्या तीन वर्षांतलं अर्धं संपलंय.

यजमानांना एक गोष्ट शांतपणे विचारा : अपघातानंतरची पहिली सलग आठवण कोणती? ‘लोक म्हणतात मी बोलत होतो’ हे धरायचं नाही, त्यांना स्वतःला काय आठवतं ते हवं. अपघातापासून तिथपर्यंतचा कोरा काळ जितका लांब, तितकी दुखापत गंभीर असण्याची शक्यता जास्त. बेशुद्धीच्या मिनिटांपेक्षा हा अंदाज पुष्कळ भरवशाचा असतो. त्यांना फक्त रुग्णालयातला तिसरा दिवसच आठवत असेल, तर ‘काही मिनिटं शुद्ध हरपली’ ही सगळी हकिकत नव्हेच. वेदनाशामक औषधांमुळेही आठवण पुसट होते, तेव्हा कोणती औषधं कधी दिली तेही केसपेपरात बघून ठेवा.

आता वासाचं. ते तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण तुमच्या पत्रात माझी नजर सगळ्यात जास्त तिथेच अडकली. वासाच्या चेतेचे बारीक धागे नाकाच्या छतावरच्या जाळीदार हाडातून वर मेंदूत जातात. डोक्याला झटका बसला की ते तिथे कातरले जातात. बरोबर त्याच्या वर पुढच्या मेंदूची खालची बाजू येते आणि राग आवरणं, थांबून विचार करणं, समोरच्याचा चेहरा वाचणं यांत तिचा मोठा वाटा असतो. वास गेला म्हणून मेंदूच्या त्या भागाला इजा झालीच असं सिद्ध होत नाही, पण पुढे तपासायला भक्कम कारण मिळतं. शिवाय वासाची तपासणी करता येते आणि तिचा अहवाल मिळतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून रीतसर चाचणी करून घ्या. मुलीवर ओरडणारा बाप हा कोर्टात ‘घरगुती कुरबुरी’ म्हणून उडवला जातो. गेलेला वास आणि बदललेला स्वभाव शेजारी-शेजारी आले की तसं उडवता येत नाही.

दुपारनंतरच्या थकव्यासाठी रक्तातले हार्मोन तपासा. डोक्याच्या दुखापतीत पियूषिका (पिट्युटरी) या मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोनवर ताबा ठेवणाऱ्या ग्रंथीलाही मार बसू शकतो आणि त्याचा थकवा आळशीपणासारखा दिसतो. हे दाव्यासाठी कमी, उपचारासाठी जास्त सांगतेय, कारण कमतरता सापडली तर औषध आहे.

‘मला काही झालेलं नाही’ याची तुम्हाला भीती वाटते. मला नाही वाटत, फक्त ते कोर्टात पहिल्यांदा ऐकू येता कामा नये. मेंदूचा जो भाग स्वतःकडे बघतो त्यालाच इजा झाली की माणसाला आपल्यातला बदल उमगत नाही. हा हट्ट नाही आणि लपवाछपवीही नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञाने हे आपल्या अहवालात आधीच नोंदवलं असेल, यजमानांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं दोन रकान्यांत मांडलं असेल, तर साक्षीत तेच वाक्य दुखापतीचं लक्षण म्हणून उभं राहतं. अहवालात ते नसेल तर समोरचे वकील फक्त एवढंच विचारतील, ‘तुम्हाला काय होतंय?’ आणि खाली बसतील.

याच संदर्भात तोंडी बेरजांचं. माझ्या खोलीत शांतता असते, टेबलावर एकच कागद असतो, काय करायचं ते मी सांगते, कधी थांबायचं तेही मीच सांगते. म्हणजे जे काम पुढच्या मेंदूने करायचं ते त्याच्या वतीने मीच करत असते! साहजिकच काही रुग्ण तिथे छान गुण मिळवतात आणि घरी जाऊन साधं बिल भरू शकत नाहीत. १९९१ मध्ये टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी पुढच्या मेंदूला इजा झालेल्या, पण बुद्धिमापनात उत्तम गुण मिळवणाऱ्या रुग्णांना प्रत्यक्ष बाजारात काही छोटी कामं आणि काही साधे नियम देऊन पाठवलं. तिथे त्यांची तारांबळ उडाली. नियम मोडले, कामं अर्धवट राहिली. म्हणून चेतामानसशास्त्रीय चाचणीला, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, स्वभाव यांच्या तपासणीला, जाताना यजमानांना एकटं पाठवू नका. सोबत जा आणि घरातलं वागणं वेगळं सांगण्यासाठी वेळ मागून घ्या. ज्या तज्ज्ञाला घरच्यांशी बोलायला वेळ नाही, त्याचा अहवाल कितीही पानांचा असला तरी मला त्यावर भरवसा वाटत नाही.

पुराव्याचा खरा कणा ‘आधी’ आणि ‘नंतर’ हाच. लोक ‘नंतर’चं ढीगभर गोळा करतात आणि ‘आधी’चं काहीच नाही. यजमानांनी अपघातापूर्वी केलेले ताळेबंद, कामाबद्दल मिळालेले चांगले शेरे, पगारवाढीची पत्रं शोधा. मग हलक्या कामावर टाकल्याचं पत्र, चुकांबद्दलचे ईमेल. शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी, जुना मित्र, मुलीच्या शिक्षिका, यांतले दोघे-तिघे बोलायला तयार झाले तर बायकोच्या शंभर वाक्यांपेक्षा त्यांची चार वाक्यं वजनदार ठरतात. वाईट वाटेल, पण निकालात तुमचा फायदा असल्यामुळे तुमच्या साक्षीकडे तसंच पाहिलं जाणार. सासूबाईंना बाजूला ठेवू नका. ‘माझा मुलगा बरा आहे’ म्हणणाऱ्या आईला तो लहानपणापासून कसा होता, राग यायचा का, एवढंच विचारा आणि ऐका. ‘माझा मुलगा कधी आवाज चढवायचा नाही’ हे वाक्य त्यांच्याच तोंडून येईल.

वही ठेवा. तीत ‘फार चिडतात’ लिहू नका. काय झालं, कुणासमोर, आधी काय चाललं होतं, किती वेळाने शांत झाले, ते लिहा. चांगले दिवसही लिहा. नुसत्या काळ्या दिवसांची वही पहिल्या प्रश्नातच फाटते. ज्या दिवशी दोनच कामं होती आणि घरात शांतता होती त्या दिवशी ते ठीक होते, ही नोंद तर उलट सोन्यासारखी. दुखापतीचा नमुना त्यातूनच कळतो.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगितलं की अवयवाच्या अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. तो माणूस अपघातापूर्वी काय काम करायचा आणि आता त्यातलं काय करू शकतो, हे न्यायाधिकरणाने पाहायचं. हिशेबनिसाच्या बाबतीत खांद्याचे टक्के धरून बसणं किती अपुरं आहे, हे तुमच्या वकिलांनी इथूनच मांडावं. त्याच निकालात असंही आहे की नुसतं प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही, उपचार किंवा तपासणी केलेल्या डॉक्टरांची साक्ष लागते. तेव्हा साक्षीला यायला तयार असलेलाच तज्ज्ञ निवडा आणि हे पहिल्याच भेटीत विचारा.

जुन्या नैराश्याबद्दल घाबरून ते लपवू नका. समोरच्यांकडे ते आहेच. इंग्लंडमधल्या १९०१ च्या ड्युल्यू विरुद्ध व्हाइट या निकालापासून एक तत्त्व चालत आलंय : जखमी माणसाची कवटी मुळात पातळ होती, हा नुकसान करणाऱ्याचा बचाव होऊ शकत नाही. गोळ्या कधी बंद झाल्या आणि त्यानंतर ते किती वर्षं पूर्ण ताकदीने काम करत होते, याचे कागद जोडा. ती मधली वर्षंच उत्तर देतील.

तडजोडीची रक्कम पुढे आली तर मेंदूची तपासणी पूर्ण होण्याआधी सही करू नका. पुढे फिट येऊ लागल्या म्हणून मिटलेलं प्रकरण पुन्हा उघडणं फार कठीण जातं. तुमचा दावा दाखल आहे हे बरं. ज्यांनी अजून केलेला नाही त्या वाचकांनी ध्यानात ठेवावं, की मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ती टळली असेल तर घरबसल्या आशा सोडू नका, आधी वकिलाला भेटा.

प्रश्न : मी सरकारी नोकरीत आहे. जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला. विसरतो, एका जागी बसून फाइल वाचून होत नाही. चाचणीच्या अहवालात ‘प्रयत्न पुरेसा होता का’ हे तपासल्याचं लिहिलंय. म्हणजे मी ढोंग करतोय असं डॉक्टरांना वाटलं का? कार्यालयात स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणून मागे लागलेत.

उत्तर : नाही, दादा. ती तपासणी आम्ही सगळ्यांचीच करतो, आणि तुम्ही ती पार केली असेल तर तुमच्या बाजूने त्याहून चांगला कागद नाही. दिसायला अवघड, पण मेंदूला बऱ्यापैकी इजा झालेल्यालाही जमतील असे काही प्रश्न मध्ये पेरलेले असतात. आपलं दुखणं नीट कळावं म्हणून काही जण मुद्दाम थोडं कमी करून दाखवतात, खरोखर आजारी असलेलेसुद्धा. तिथेच घात होतो, कारण मग खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. पुढच्या वेळीही जमेल तेवढं चांगलंच करा. झोप झाली नसेल, डोकं ठणकत असेल तर सुरुवातीलाच सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा.

स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, त्याचा दर्जाही कमी करू शकत नाही. सध्याचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त तयार केलेलं, जादा पद. हे सगळं ‘सेवेत असताना’ला लागू आहे, स्वतःहून बाहेर पडलात की बाजू लंगडी होते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी अडचण येईल. कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यांत डोक्याच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही. चेतासंस्थेचे दीर्घकालीन आजार आहेत, वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे, मानसिक आजार आहे. तुमचा त्रास कुठे बसवायचा हे वैद्यकीय मंडळाला ठरवावं लागतं, आणि हातपाय धड दिसले की परत पाठवायचा मोह होतो. म्हणून मंडळापुढे फक्त निदान नेऊ नका. चाचणीचा अहवाल आणि सोबत कामातल्या अडचणींचं एक पान न्या : किती वेळ वाचता येतं, किती वेळा तीच नोंद पुन्हा करावी लागते, कोण तपासून देतं. मंडळाने नाकारलं तर कारण लेखी मागा आणि अपील करा. कायद्यात तशी सोय आहे.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा असताना पडला, डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, मेंदू भरून काढेल. खरंच सगळं छान झालं. आता अकराव्या वर्षी अभ्यास कोलमडलाय, मित्र तुटलेत. शाळा म्हणते आळशी आहे. सात वर्षांपूर्वीच्या पडण्याचा आता काय संबंध, असं सगळे विचारतात. तेव्हा आम्ही काहीच दावा केला नव्हता.

उत्तर : संबंध असू शकतो, आणि उशिरा दिसणं हे मुलांमध्ये नेहमीचंच. पुढचा मेंदू पक्व व्हायला विशी उलटावी लागते. चार वर्षांच्या मुलाकडून कुणी वह्या आवरायची, वेळापत्रक पाळायची, मित्राचा टोमणा ओळखायची अपेक्षा करत नाही. अकराव्या वर्षी ती अपेक्षा येते, आणि जो भाग तेव्हा दुखावला होता त्याच्यावर पहिल्यांदा भार पडतो. ‘लहान आहे, भरून काढेल’ हे वाक्य इतक्या घरांत इतक्या प्रेमाने सांगितलं गेलंय की त्याचा मला राग येतो.

अमेरिकेत १९९० पासून विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूची दुखापत हा स्वतंत्र प्रकार आहे. आपल्या दिव्यांगत्वाच्या यादीत तो नाही. म्हणून शाळा किंवा समुपदेशक त्याला अध्ययन अक्षमतेच्या नावाखाली टाकून मोकळे होतील. परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी ते चालेल, पण अहवालात ‘डोक्याची दुखापत, वय चार’ ही ओळ आलीच पाहिजे, नाहीतर पुढे दुवा कायमचा तुटेल. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाकडे फाइल उरली नसेलही. घरातल्या जुन्या पिशव्या, स्कॅनच्या फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद काढा. बालवाडीतली निरीक्षणं आणि दुखापतीआधीचे व्हिडिओही जपा. आताची सविस्तर चाचणी आणि दोन वर्षांनी पुन्हा एक. वाढीचा आलेख कुठे सपाट होतो ते अशा दोन मोजमापांतूनच दिसतं.

दाव्याचं म्हणाल, तर दुसऱ्या कुणाच्या हलगर्जीपणामुळे तो पडला होता का, हा पहिला प्रश्न. तसं असेल तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ६ नुसार दिवाणी दाव्यात अल्पवयीन मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजायला लागते, तेव्हा दार बंद झालेलं नसावं. कुणी आत्ता तडजोड पुढे केली तर एवढं माहीत असू द्या : दाव्यात मुलाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, आईवडिलांच्या सहीने भागत नाही. वकिलाकडे जाताना चाचणीचा अहवाल सोबत घेऊन जा. आणि शाळेला ‘आळशी’ हा शब्द प्रगतिपुस्तकात लिहू देऊ नका. उद्या तोच कागद समोरचे वकील वाचून दाखवतील.